होल बॉडी एमआर अँजिओचं कॉन्ट्रास्ट: नवीन टेक्निशियनसाठी सुरुवातीपासून

एमआरआयला नवीन लागलात की मेंदू, मणका, गुडघा हे काही महिन्यांत हाताला बसतं, पण होल बॉडी एमआर अँजिओची, म्हणजे एमआरआयवर सगळ्या शरीराच्या धमन्या बघायच्या तपासणीची, रिक्वेस्ट आली की भलेभले सिनियरला फोन लावतात. त्याचं कारण साधं आहे. गुडघ्याचा सिक्वेन्स पेशंट हलला म्हणून परत घेता येतो, इथे मात्र कॉन्ट्रास्ट, म्हणजे नसा उजळ दिसाव्यात म्हणून शिरेतून टोचलेलं औषध, आर्टरीतून (धमनीतून) पहिल्यांदा जातं ते एकदाच, आणि मानेपासून पावलापर्यंतच्या सगळ्या धमन्या त्या मिनिट-दीड मिनिटातच पकडायच्या असतात. ती वेळ गेली की शिरा भरायला लागतात, आर्टरी आणि व्हेन एकमेकांवर दिसतात आणि रिपोर्टिंगला बसलेले डॉक्टर कपाळाला हात लावतात. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, या तपासणीतलं खरं काम पेशंट टेबलावर झोपायच्या आधी होतं. कुठलं औषध, किती, कुठल्या हातात, काय स्पीडने, किडनी कशी आहे, हे सगळं ठरलेलं असलं की पुढचं मशीन करतं.

आपलं आरोग्य विद्यापीठ इथेच नाशिकला म्हसरूळमध्ये आहे, कोर्सही चांगले आहेत, पण ही गोष्ट सिलॅबस वाचून हाताला येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ही तपासणी नक्की कोणाला लागते

पहिलं म्हणजे "होल बॉडी" ऐकून काही लोक चेकअप पॅकेज समजून येतात. काही तक्रार नाही, फक्त सगळ्या नसा बघून घ्यायच्या आहेत. अशा धडधाकट माणसाला कॉन्ट्रास्ट टोचू नये असं माझं ठाम मत आहे, आणि रेफर करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर नम्रपणे परत पाठवा, रेडिऑलॉजिस्टना विचारल्याशिवाय स्लॉट देऊ नका.

खरे पेशंट वेगळे असतात. डायबेटिस असलेले, चालताना पोटरी भरून येणारे, पायाची जखम महिनोनमहिने न भरणारे. निफाड, दिंडोरी, मालेगाव, कळवण, पार नंदुरबारकडून येतात आणि बऱ्याचदा उशिरा येतात. दुसरे म्हणजे तरुण मुली आणि बायका, ज्यांच्या एका हाताची नाडी लागत नाही किंवा दोन्ही हातांच्या बीपीत मोठा फरक येतो, त्यांना टाकायासू आर्टरायटिस, म्हणजे मोठ्या धमन्यांना सूज येणारा आजार, असू शकतो आणि त्यात आओर्टा (हृदयातून निघणारी मुख्य धमनी), मानेच्या, किडनीच्या अशा सगळ्याच मोठ्या धमन्या बघाव्या लागतात. हा आजार आपल्याकडे आणि एकूण आशियात जास्त दिसतो, आणि होल बॉडी अँजिओ खऱ्या अर्थाने इथे कामाला येते, कारण पेशंट तरुण असतो, तपासणी वर्षानुवर्षं परत परत करावी लागते आणि एमआरमध्ये रेडिएशन नाही. तिसरे म्हणजे विडी-सिगरेट ओढणारे तरुण पुरुष, पायाची बोटं काळी पडायला लागलेले. हा बर्जर, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या बारीक नसा बंद पडणारा आजार, असू शकतो. त्यात खालच्या बारीक नसा महत्त्वाच्या, म्हणजे तुमचं पोटरी-पावलाचं स्टेशन (एका वेळी स्कॅन होणारा शरीराचा भाग) चुकलं तर तपासणी वाया.

चिठ्ठीवर कारण लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. कारण कळल्याशिवाय कुठल्या स्टेशनला आधी जायचं हे ठरवता येत नाही.

सिरिंजमध्ये असतं काय

गॅडोलिनियम. अणुक्रमांक ६४, आणि त्याच्या आयनमध्ये सात इलेक्ट्रॉन जोडी नसलेले, त्यामुळे ते जोरदार पॅरामॅग्नेटिक आहे आणि आजूबाजूच्या पाण्याचा टी१ एकदम कमी करतं. टी१ म्हणजे मशीनने हलवलेला सिग्नल मूळ स्थितीत परत यायला लागणारा वेळ, तो जितका कमी तितकी ती गोष्ट चमकते. १.५ टेस्लावर रक्ताचा टी१ साधारण १२०० मिलिसेकंद, चरबीचा त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. आपल्याला रक्त चरबीपेक्षाही चमकवायचंय, म्हणजे रक्ताचा टी१ चरबीच्या खाली आणायचाय, आणि त्यासाठी आर्टरीत त्या क्षणी पुरेसं गॅडोलिनियम असायला हवं. अँजिओमध्ये डोस आणि स्पीडवर एवढा जोर का, त्याचं उत्तर हेच.

आता नुसतं गॅडोलिनियम विषारी आहे. त्याच्या आयनचा आकार कॅल्शियमच्या जवळपास, त्यामुळे शरीरात कॅल्शियमच्या कामात अडथळा आणतं. म्हणून ते एका रेणूच्या पकडीत बांधून देतात. ही पकड दोन प्रकारची. लिनियर, म्हणजे उघडी साखळी, आणि मॅक्रोसायक्लिक, म्हणजे सगळीकडून बंद कडं. कड्यातून गॅडोलिनियम सहजासहजी सुटत नाही, साखळीतून तुलनेने लवकर सुटतं. एवढा एक फरक डोक्यात पक्का ठेवा, कारण गेल्या वीस वर्षांत या औषधांबाबत जे नियम बदलले ते सगळे या फरकावरूनच बदलले.

थोडा इतिहास सांगतो. पहिलं औषध मॅग्नेव्हिस्ट, लिनियर, १९८८ ला अमेरिकेत मंजूर झालं आणि वर्षानुवर्षं सगळे ते बिनधास्त वापरत होते, किडनीच्या पेशंटला तर सीटीच्या आयोडीनपेक्षा सुरक्षित म्हणून डबल-ट्रिपल डोस द्यायचे, आणि त्यात अँजिओचे पेशंट पुढे. मग २००६ मध्ये लक्षात आलं की किडनी निकामी असलेल्या लोकांमध्ये कातडी कडक होणारा, सांधे आखडवणारा जो आजार दिसतोय, एनएसएफ, त्याचा संबंध या कॉन्ट्रास्टशी आहे. २००७ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. पुढे २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूत काही भाग प्लेन स्कॅनवरही चमकतात, म्हणजे थोडं गॅडोलिनियम आत राहतं. किडनी चांगली असलेल्या माणसाला त्याने अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी २०१७ मध्ये युरोपने ओम्निस्कॅन, मॅग्नेव्हिस्ट, ऑप्टिमार्क ही लिनियर औषधं शिरेतून द्यायची थांबवली आणि मल्टिहान्स फक्त लिव्हरपुरतं ठेवलं.

मग घ्यायचं कुठलं

माझं उत्तर मॅक्रोसायक्लिक. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट किंवा गॅडोटेरिडॉल, बॉक्सवर गॅडोविस्ट, डोटारेम, प्रोहान्स अशी नावं दिसतील, इतर कंपन्यांचीही असतात. कंपनी बघू नका, बॉक्सवरचं रसायनाचं नाव वाचा. स्टोअरमध्ये स्वस्त म्हणून लिनियर आलेलं असेल, आणि मेंदूच्या एखाद्या पेशंटला रेडिऑलॉजिस्टनी ते चालेल म्हटलं असेलही, पण होल बॉडी अँजिओमध्ये डोस जास्त जातो आणि पेशंट बहुतेक डायबेटिसचे, वयस्कर, किडनी थकलेले. इथे पैसे वाचवू नका. टाकायासूच्या मुलीला तर आयुष्यात अनेकदा कॉन्ट्रास्ट लागणार आहे, तिला पहिल्या दिवसापासून मॅक्रोसायक्लिकच मिळालं पाहिजे.

जुन्या पुस्तकात ब्लड पूल एजंट म्हणून गॅडोफॉसवेसेट, वासोविस्ट, याच्याबद्दल खूप वाचाल. ते रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बराच वेळ नसांतच राहायचं, कल्पना सुंदर होती, पण कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं, त्यामुळे शोधत बसू नका. फेरुमॉक्सिटॉल म्हणून लोहाचं औषधही वाचनात येईल. मुळात ते ॲनिमियासाठीचं आहे, काही ठिकाणी किडनीच्या पेशंटच्या अँजिओला वापरतात, पण त्याला गंभीर ॲलर्जीचा एफडीएचा इशारा आहे, नवीन माणसाने त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

अपॉइंटमेंटच्या फोनवर

इथूनच काम सुरू होतं. विचारायचं काय तर किडनीचा त्रास आहे का, डायलिसिस चालू आहे का, किडनी बदलली आहे का, आधी कधी एमआरआयचं इंजेक्शन घेतल्यावर पुरळ, धाप असं काही झालं होतं का, दमा आहे का, प्रेग्नन्सी आहे का, पेसमेकर किंवा शरीरात कुठला धातू आहे का. आणि अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन या असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेला माणूस दिवसभर लॅबच्या दारात बसून राहतो.

क्रिएटिनिनचा नुसता आकडा बघून निर्णय घेऊ नका, ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज, काढा. १.४ क्रिएटिनिन तीस वर्षांच्या पुरुषाला असेल तर ईजीएफआर ७० च्या आसपास येतो आणि तेच १.४ पंचाहत्तर वर्षांच्या आजींना असेल तर ४० च्याही जरा खाली. कागदावर आकडा एकच, किडनीची ताकद जवळजवळ निम्मी. मोबाईलवर कॅल्क्युलेटर आहेत, वय आणि लिंग टाका, दोन सेकंदांचं काम.

ईजीएफआर ३० च्या खाली आला, किंवा किडनी अचानक बिघडलेली असेल, तर स्वतः काही ठरवू नका, रेडिऑलॉजिस्टना सांगा. मॅक्रोसायक्लिक असेल तर धोका फारच कमी मानतात आणि खरोखर गरज असेल तर देतात, पण कमीत कमी डोसमध्ये आणि डॉक्टरांच्या सहीने. कधी डॉक्टर म्हणतील की बिना कॉन्ट्रास्टची अँजिओ, क्विस किंवा टाइम ऑफ फ्लाइट पद्धतीने, करू, पायांसाठी क्विस चांगलं काम करतं, मशीनवर आहे का ते आधीच माहीत करून ठेवा. डायलिसिसच्या पेशंटला पुढच्या डायलिसिसच्या थोडंसं आधी बोलवा म्हणजे स्कॅन झाला की थेट तिकडे जाता येतं. आणि फक्त कॉन्ट्रास्टसाठी म्हणून कोणाला नवीन डायलिसिस करायला सांगत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

काही गैरसमज फोनवरच निघतात. मासे चालत नाहीत किंवा सीटीच्या आयोडीनची ॲलर्जी आहे म्हणून गॅडोलिनियम चालत नाही असं नसतं, दोन्ही वेगळी औषधं आहेत. तरी ॲलर्जीची नोंद करायचीच, कारण ॲलर्जीच्या प्रकृतीच्या माणसाकडे जरा जास्त लक्ष लागतं. मेटफॉर्मिनची गोळी बंद करायची गरज नाही. उपाशीपोटी येण्याचीही वैद्यकीय गरज तशी नाही, तुमच्या सेंटरचा नियम असेल तर पाळा, पण इन्सुलिन घेणाऱ्या काकांना सकाळपासून उपाशी ठेवून दुपारी दोनला आत घेऊ नका. प्रेग्नन्सीत अगदी अडल्याशिवाय देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र दूध बंद करायला सांगायची गरज नसते, दुधात जाणारं प्रमाण अगदी नगण्य असतं.

दारातलं स्क्रीनिंग

हे आपण नेहमी करतोच, म्हणून आपल्या भागातल्या दोन-तीन गोष्टीच सांगतो. सातपूर-अंबडला लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंगवर काम केलेले पेशंट खूप, त्यांना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का हे आवर्जून विचारा, शंका आली तर आधी डोळ्याचा एक्स-रे. बायकांची जोडवी काढायला लावा. नेहमीच्या स्कॅनमध्ये पाय मशीनच्या बाहेर असतात म्हणून आपल्याला सवय नसते, पण इथे पाऊल हेच एक स्टेशन आहे आणि जोडव्यांमुळे नेमकी बोटांजवळची इमेज खराब होते. निघत नसतील तर थोडं साबणाचं पाणी लावा, आणि काढताना मावशींना कशासाठी काढतोय ते सांगा, भावनेचा विषय असतो. करदोडा, ताईत, मंगळसूत्र, सगळं नातेवाईकाच्या हातात.

सिलिंडरबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर एमआरआय रूममध्ये नेल्यामुळे एका नातेवाईकाचा जीव गेला. कॉन्ट्रास्टची रिॲक्शन आली की घाईत कोणीतरी नेमका सिलिंडर घेऊनच आत पळतं, म्हणून हा विषय इथे आला.

डोसचं गणित

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो. बहुतेक औषधं ०.५ मोलर असतात, म्हणजे एका मिलीत ०.५ मिलिमोल. गॅडोब्युट्रॉल मात्र १ मोलर आहे, एका मिलीत दुप्पट. नेहमीचा डोस ०.१ मिलिमोल प्रति किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिमोल, ते गॅडोटेरेटचे १२ मिली होतात आणि गॅडोब्युट्रॉलचे ६ मिली. सेंटरने औषध बदललं आणि तुम्ही सवयीने १२ मिली भरलं तर डबल डोस गेला. म्हणून सिरिंज भरायच्या आधी मिलिमोल काढा, मग मिली, आणि वजन विचारू नका, काट्यावर उभं करा. लोक वजन अंदाजाने सांगतात.

होल बॉडी अँजिओला अनेक स्टेशन असल्यामुळे डोस ०.१ ते ०.२ च्या मध्ये कुठेतरी ठेवतात, गॅडोब्युट्रॉलच्या युरोपच्या माहितीपत्रकात एकापेक्षा जास्त भागांच्या अँजिओसाठी ७५ किलोच्या आत १५ मिली आणि त्याच्या वर २० मिली दिलेलं आहे, जे हलक्या माणसाला किलोमागे ०.२ च्याही वर जातं. जुन्या लेखांत ०.३ पर्यंत डोस सापडतील, ते एनएसएफच्या आधीच्या काळातले आहेत, कॉपी करू नका. आकडा रेडिऑलॉजिस्ट ठरवतात आणि चिठ्ठीवर लिहून देतात, तोंडी नको. गॅडोब्युट्रॉलचे मिली कमी असल्याने ते इतकं पटकन संपतं की बोलस, म्हणजे शिरेतून एकदम सोडलेला कॉन्ट्रास्टचा लोंढा, फार आखूड होतो, म्हणून बरीच ठिकाणं ते सलाइनमध्ये पातळ करून वापरतात.

व्हायल उघडली की ती त्या एका पेशंटची. उरलेलं पुढच्याला, असं कोणी सांगितलं तरी करायचं नाही.

सुई आणि हात

उजवा हात, शक्यतो कोपराच्या खोबणीतली शीर, २० नंबरचं कॅन्युला, नाहीच मिळालं तर २२. उजवाच का, तर डाव्या हातातून दिलं की घट्ट कॉन्ट्रास्ट छातीत आडवं जाताना आओर्टाच्या कमानीजवळून जातं, आणि इतक्या घट्ट अवस्थेत ते चमकण्याऐवजी उलट सिग्नल खातं, मग शेजारच्या आर्टरीत नसलेला ब्लॉक दिसतो. टाकायासूच्या पेशंटला हे झालं तर निदानच बदलेल.

याला अपवाद आहेत. डायलिसिसची फिस्टुला (ऑपरेशनने धमनीला जोडलेली शीर) असलेल्या हाताला हात लावायचा नाही, छातीचं ऑपरेशन करून काखेतल्या गाठी काढलेल्या ताईंच्या त्या बाजूलाही नको. आणि निफाडची डिसेंबरची थंडी अंगावर घेऊन आलेल्या पेशंटच्या शिरा सापडत नाहीत, त्यात एसी रूम. दहा मिनिटं गरम टॉवेल गुंडाळून बसवा, पाणी पाजा, मग बघा. सुई बसल्यावर १० मिली सलाइन जोरात देऊन हात फुगत नाही ना, हे डोळ्यांनी आणि बोटांनी बघायचं. इंजेक्टर सुरू झाल्यावर तुम्ही काचेच्या पलीकडे असता.

झोपवताना

पाय आधी आत की डोकं आधी, हे तुमच्या मशीनवर अवलंबून. टाचेखाली आणि गुडघ्याखाली पॅड देऊन पोटऱ्या टेबलावर दाबल्या जाणार नाहीत असं बघा. पाऊल सरळ वर. बोटं पुढे ताणून कॉइलमध्ये कोंबली तर पावलाच्या वरची आर्टरी दबते आणि ब्लॉक असल्याचा भास होतो. मग लोकलायझरवर, म्हणजे सुरुवातीच्या ढोबळ इमेजवर, प्रत्येक स्टेशनचा स्लॅब (स्कॅन होणारा जाड पट्टा) आर्टरीच्या पुढून-मागून पुरतोय का ते बघा. वयस्कर लोकांच्या इलियाक, म्हणजे ओटीपोटातून पायाकडे जाणाऱ्या, धमन्या इतक्या वेड्यावाकड्या असतात की स्लॅबच्या बाहेर जातात आणि तिथे नस संपल्यासारखी दिसते. स्टेशनं एकमेकांवर थोडी चढलेली ठेवा.

श्वासाची प्रॅक्टिस बाहेरच करून घ्या. "आजी, श्वास घ्या, सोडा, आता थांबवा" हे तीनदा करून बघा, किती सेकंद धरतात ते मोजा. अहिराणी किंवा कोकणी बोलणारे पेशंट आले तर नातेवाईकाकडून त्यांच्या भाषेत समजावून घ्या, हेडफोनमधून प्रमाण मराठी ऐकून गोंधळतात.

नंतर मास्क स्कॅन, म्हणजे सगळी स्टेशनं कॉन्ट्रास्टशिवाय एकदा. हे पुढे वजा करायला लागतं. मास्कनंतर पेशंट हलला तर वजाबाकी बिघडते, त्यामुळे मध्ये आत जाऊन उशी सरकवणं वगैरे नको.

टायमिंग

आता मुख्य भाग. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं की कालव्याच्या तोंडाशी पाणी आधी येतं, शेवटच्या चारीला उशिरा, आणि पाणी आलं तेव्हा तुम्ही बांधावर नसाल तर पाळी गेली. कॉन्ट्रास्टचं तसंच आहे. हातातून आओर्टापर्यंत साधारण १५ ते २५ सेकंद, हार्ट कमजोर असेल तर ४० सुद्धा, आणि तिथून पावलापर्यंतचा वेळ माणसागणिक इतका बदलतो की अंदाजावर सोडताच येत नाही.

२००१-०२ च्या सुमारास जर्मनीतल्या एसेनच्या टीमने सरकत्या टेबलावर पाच स्टेशनं ७२ सेकंदांत करून दाखवली, एका स्टेशनला १२ सेकंद आणि मध्ये टेबल सरकायला ३ सेकंद, तेव्हापासून ही तपासणी खऱ्या अर्थाने रुळली. कल्पना अशी की बोलस पुढे चाललाय आणि टेबल त्याच्या मागोमाग. त्यासाठी इंजेक्शन दोन टप्प्यांत देतात. ०.५ मोलरच्या औषधाला पहिला अर्धा भाग साधारण १.३ ते १.५ मिली प्रति सेकंद आणि उरलेला ०.७ च्या आसपास, म्हणजे आर्टरीत कॉन्ट्रास्ट जास्त वेळ टिकून राहतं, आणि मागून २५-३० मिली सलाइन. सलाइन विसरलात तर शेवटचं औषध नळीत आणि दंडातच बसून राहतं.

सुरुवात कधी करायची याचे दोन मार्ग. एक टेस्ट बोलस, १-२ मिली देऊन आओर्टात कधी पोचलं ते सेकंदात मोजायचं. दुसरा, लाइव्ह बघत राहायचं आणि आओर्टा उजळला की स्कॅन सोडायचा. सीमेन्सवर केअर बोलस, फिलिप्सवर बोलसट्रॅक. नवीन असाल तर आधी टेस्ट बोलस शिका, आकडा हातात असला की घबराट होत नाही. लाइव्हमध्ये बटण घाईने दाबलं जातं. के-स्पेसचा, म्हणजे इमेज बनवायला मशीन गोळा करत असलेल्या कच्च्या डेटाचा, मधला भाग सुरुवातीलाच भरला जात असेल आणि तेव्हा कॉन्ट्रास्ट अजून पूर्ण चढलेलं नसेल, तर नसेच्या कडा चमकतात आणि मध्ये काळी रेघ येते. ही रेघ दिसली तर समजा दोन-तीन सेकंद लवकर सुटलो. उशीर झाला तर शिरा.

पोटरीत शिरा आधी भरणं ही या तपासणीतली सगळ्यात मोठी डोकेदुखी, आणि डायबेटिसचा, पाय सुजलेला, जखम चिघळलेला पेशंट असेल तर तिथे रक्त इतक्या लवकर परत फिरतं की टेबल पोचेपर्यंत सगळं भरलेलं असतं. म्हणून पायाच्या जखमेच्या पेशंटला मी एकच पद्धत सुचवीन: पोटरी-पाऊल आधी. डोसचा छोटा भाग, साधारण एक तृतीयांश, देऊन तिथे टाइम रिझॉल्व्ड सिक्वेन्स, ट्विस्ट किंवा ट्रिक्स, चालवायचा. दर काही सेकंदांनी एक इमेज येते, त्यामुळे टायमिंग चुकण्याचा प्रश्नच येत नाही आणि नस उजव्या पायात आधी भरली की डाव्या पायात, तेही दिसतं. त्यानंतर नवीन मास्क घेऊन उरलेल्या डोसमध्ये मान, छाती, पोट, मांडी. यात वेळ थोडा जास्त जातो, पण सर्जनला बायपास कुठे जोडायचा हे ज्या इमेजवर ठरवायचं असतं ती इमेज पक्की मिळते. मांडीला बीपीचा पट्टा बांधून ५०-६० मिलिमीटरपर्यंत फुगवायची पद्धतही आहे, शिरेतलं रक्त थोडं थोपवलं जातं, पण पायात गुठळी असेल किंवा मांडीत बायपास किंवा स्टेंट असेल तर बांधायचा नाही, आणि डॉक्टरांना विचारूनच.

रिॲक्शन आली तर

बहुतेकांना काहीच होत नाही. हातात गार वाटणं, तोंडाला चव येणं, क्षणभर मळमळ, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे पेशंट घाबरून हलत नाही. पुरळ, खाज क्वचित. धाप, गळा आवळणं, बीपी पडणं हे फारच दुर्मिळ, पण त्याची तयारी रोजची असली पाहिजे. पेशंटला आधी मॅग्नेट रूमच्या बाहेर काढायचं, उपचार बाहेर. इमर्जन्सी ट्रॉली दाराबाहेर, ॲड्रेनालीन भरलेलं नाही तरी हाताशी आणि एक्सपायरी बघितलेलं, डॉक्टर सांगतील तसं मोठ्या माणसाला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ज्या सेंटरमध्ये कॉन्ट्रास्ट देताना डॉक्टर इमारतीत नसतात तिथे स्कॅन सुरू करायला नकार द्या, तो तुमचा हक्क आहे.

औषध शिरेच्या बाहेर गेलं तर इंजेक्टर थांबवा, हात उंच, थंड शेक, डॉक्टरांना दाखवा. प्रमाण कमी असल्याने सहसा मोठं नुकसान होत नाही.

टेबलावरून उतरवायच्या आधी

इमेज बघा. फक्त फिरणारी सुंदर एमआयपी, म्हणजे सगळ्या इमेज एकत्र करून मशीनने बनवलेलं चित्र, बघून खुश होऊ नका, मूळच्या सोर्स इमेज उघडा. स्टेंट असेल तिथे नस काळी दिसते, ती बंद आहे असं नाही, म्हणून स्टेंट कुठे आणि कधी टाकला ते फॉर्मवर लिहिलेलं पाहिजे. अरुंद जागा एमआरमध्ये आहे त्यापेक्षा जास्त अरुंद दिसू शकते, हेही रिपोर्ट करणाऱ्यांना माहीत असतं. आपल्याकडची जमेची बाजू म्हणजे डायबेटिस आणि डायलिसिसच्या लोकांच्या धमन्यांत जो कॅल्शियमचा थर असतो, तो सीटीत चमकून आतली वाट झाकतो, इथे तो आड येत नाही. नातेवाईक "सीटी का नाही केली" विचारतात तेव्हा हे सांगता येतं.

अर्धा तास बसवून ठेवा, सुई तोपर्यंत काढू नका. पाणी प्या म्हणावं. किडनी चांगली असेल तर दर दीड तासाला साधारण निम्मं औषध लघवीतून जातं आणि चोवीस तासांत जवळजवळ सगळं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे परत जाणाऱ्यांना रात्री अंगावर गांधी आल्या, धाप लागली तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि हा कागद दाखवा, असं सांगून औषधाचं नाव लिहिलेला कागद हातात द्या. जुनं ओम्निस्कॅन दिलेलं असेल तर त्या दिवशीचा रक्तातला कॅल्शियमचा रिपोर्ट काही लॅबच्या पद्धतीत खोटा कमी येतो, मॅक्रोसायक्लिकमध्ये ही भानगड नाही.

उरलेलं कॉन्ट्रास्ट बेसिनमध्ये ओतू नका. सांडपाण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत गॅडोलिनियम गाळलं जात नाही, जर्मनीतल्या नद्यांत ते सापडल्याचं १९९६ मध्येच लिहिलं गेलंय, आणि आपलं सांडपाणीही शेवटी गोदावरीच्याच वाटेने जातं. सेंटरच्या बायोमेडिकल कचऱ्याच्या नियमाप्रमाणे टाका.

शेवटची नोंद रजिस्टरमध्ये आणि रिपोर्टमध्ये दोन्हीकडे: औषधाचं पूर्ण नाव, मोलर किती, मिली किती, बॅच नंबर, स्पीड, कुठला हात, ईजीएफआर, आणि टेस्ट बोलसला आलेले सेकंद. हा शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत. टाकायासूची मुलगी वर्षभराने परत येते तेव्हा तिथे जो टेक्निशियन असेल त्याला सुरुवात कुठून करायची हे या आकड्यावरून कळतं.